कातळ, मांजऱ्या, गेरू

तासगाव तालुक्यात विहीर पाडायला घेतली की खाली काय काय लागेल, हे सांगायला भूशास्त्रज्ञ लागत नाही. आधी माती, मग मुरूम, मग कातळ. कातळ सुरुंगाने फोडून खाली उतरले की कधी भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या लागतो, तर कधी हाताला रंग लावणारा तांबडा गेरू. त्याखाली पुन्हा कातळ. हे शब्द विहीर खोदणाऱ्यांचे आणि बोअरवाल्यांचे आहेत. कातळाचा आणि मांजऱ्याचा तुकडा प्रयोगशाळेत नेऊन दिला, तर दोन्हींवर एकच नाव लिहून येईल: बेसाल्ट. नाव बरोबरच आहे. पण या मुलखापुरते तरी विहीर खोदणाऱ्याचे वर्गीकरण अधिक कामाचे आहे आणि ते अशास्त्रीय मुळीच नाही, असे माझे मत आहे.

अग्निजन्य खडकांचे पुस्तकातले वर्गीकरण दोन प्रश्नांवर उभे आहे. वितळलेल्या रसात काय होते? आणि तो कुठे, किती वेगाने निवला? पहिल्याचे माप सिलिका. ती ४५ टक्क्यांहून कमी असेल तर खडक अत्यल्पसिकत, ४५ ते ५२ असेल तर अल्पसिकत, ६३ च्या वर गेली तर सिकत आणि मधला तो मध्यम. दुसऱ्याचे माप स्फटिकांचा आकार. जमिनीत खोलवर रस हजारो-लाखो वर्षे सावकाश निवत राहिला, तर स्फटिकांना वाढायला सवड मिळते आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वर उघड्यावर आला तर सवड नाही, म्हणून दाणा बारीक. अल्पसिकत रस खोलवर गोठला तर गॅब्रो, भेगेत गोठला तर डोलेराइट, जमिनीवर गोठला तर बेसाल्ट. सिकत रसाची तीच जोडी म्हणजे खाली ग्रॅनाइट, वर रायोलाइट.

या कोष्टकाची दोन टोके एकाच भोकात पाहायची असतील, तर तासगावहून पश्चिमेला कोयनेच्या खोऱ्यात जावे लागते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेखाली नेमके काय चालले आहे हा प्रश्न शास्त्रज्ञांना सोडत नव्हता. अखेर गेल्या दशकात तिथे खोल वेधन झाले. कराडजवळच्या हजारमाचीत त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली. २०१७ मध्ये गोठणे येथील पथदर्शी विवर सुमारे ३ किलोमीटर खोल गेले. पहिले १,२४७ मीटर नुसता बेसाल्ट, एकावर एक लाव्हाथर. त्याखाली एकदम ग्रॅनाइट-नाइसचा पाया, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मधे काही जुने गाळाचे खडक असतील असा अनेकांचा तर्क होता. ते निघालेच नाहीत. पूर्वेला किल्लारीत, १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विवरात बेसाल्ट अवघा ३३८ मीटर भरला होता. सह्याद्रीकडून पूर्वेला जावे तसा हा थर पातळ होत जातो आणि तासगाव या उतरत्या अंगावर वसलेले आहे.

एवढा बेसाल्ट आला कुठून? पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र नाही. भूकवचाखालचे प्रावरण घनच आहे. पण त्याचा तप्त भाग वर सरकला की त्यावरचा दाब घटतो आणि नव्याने उष्णता न मिळताही त्याचा काही अंश वितळतो. भारतीय भूखंड तेव्हा रियुनियन बेटाखालच्या तप्तबिंदूवरून सरकत होता, हे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण आहे. काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला, आणि झिजून उरलेला पसाराच आज पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. डायनोसॉरच्या अंतात त्याचा वाटा किती आणि मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा किती, यावर अजून भांडण आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. आपल्याकडचा टोकदार डोंगर दिसला की तो जुना ज्वालामुखी असे हमखास सांगितले जाते. लाव्हा आला तो लांबच लांब भेगांतून, आणि पसरला सपाट. दंडोबाचा डोंगर असो की अजिंक्यतारा, हे त्या सपाट थरांचे झिजून उरलेले तुकडे आहेत. या थरांना भूशास्त्रज्ञांनी दिलेली नावे तर सातारकरांना घरचीच वाटतील: सगळ्यांत वरचा गट ‘वाई’, त्यात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा.

आता रसात काय होते, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे जवळजवळ ठरलेले. सातारा-सांगलीतल्या बहुतेक लाव्हांत सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास. प्लॅजिओक्लेज फेल्स्पार, पायरोक्सीन, थोडे लोहखनिज. रसातून आधी कमी सिलिकेची खनिजे बाहेर पडतात आणि उरलेला रस सिलिकेने श्रीमंत होत जातो, हे नॉर्मन बोवेनने १९२८ च्या ग्रंथात मांडले. तसा मुरलेला रस मुंबईच्या बाजूला सापडतो. मालाडचा पिवळसर दगड त्यातलाच. आपल्याकडे मात्र रस त्या वाटेने फारसा गेला नाही. म्हणजे सिलिकेचे कोष्टक घेऊन तासगावभर हिंडले तरी वहीत बहुधा एकच नाव लिहावे लागेल.

सगळा फरक पडतो तो निवण्यामुळे. गुऱ्हाळात काहिलीतला पाक वाफ्यात ओतला की वर साय धरते, बुडबुडे तिच्याखाली अडकतात आणि आतला भाग बराच वेळ गरम राहतो. अकराशे अंशांवरच्या लाव्हाचेही तसेच झाले. सुटणारे वायू वर चढले आणि कवचाखाली अडकून पोकळ्या झाल्या. गाभा सावकाश निवून घट्ट झाला, आकसताना उभा तडकला. तो गाभा म्हणजे कातळ. वरचा सच्छिद्र भाग म्हणजे मांजऱ्या. पुढे झिरपत्या पाण्याने त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, कॅल्साइट, गारगोटी भरून ठेवली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड चमकणारे स्फटिक अशाच पोकळ्यांतले आहेत.

दोन उद्रेकांच्या मधे उसंत मिळाली, तिथे खालच्या थराचा माथा कुजून त्याची माती झाली. नंतर आलेल्या लाव्हाने ती भाजली. तो गेरू. बोअरवाला त्याला वचकून असतो, कारण तो ढासळतो; तिथे केसिंग घालावेच लागते. पण गेरूची चिकणमाती पाणी सहज खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या वरच्या अंगाला पाणी साठू शकते. पाणी मिळण्याच्या जागा त्यामुळे तीनच: मुरूम, फारसा न भरलेला मांजऱ्या, आणि कातळातल्या सांधलेल्या भेगा. घट्ट कातळाच्या अंगात पाणी मुरत नाही. भेग चुकली तर शेजारच्या बांधावर पाणी आणि आपल्या बोअरमधून नुसती धूळ, असे होते. एकाला लागले म्हणून दुसऱ्याने त्याच खोलीचा हिशेब धरावा, याला बेसाल्टात काही आधार नाही. पाणाड्याच्या नारळाबद्दल मी बोलत नाही. पण जुन्या विहिरींच्या भिंती पाहून अंदाज बांधणारा पाणाड्या थरांचाच अभ्यास करत असतो.

पाथरवटाची गरज नेमकी उलटी. त्याला भेग नको, भोक नको. दगडावर हातोडा मारून तो आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर तो गाभ्याचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस परशुरामभाऊ पटवर्धनांनी तासगावात गणपतीचे देऊळ आणि सात मजली गोपूर उभे केले. गोपुराची कल्पना दक्षिणेची, पण दक्षिणेतल्या देवळांना लाभणारा ग्रॅनाइट या मातीखाली हाताशी नव्हता.

आणि द्राक्षे, तीही याच खडकाच्या मातीवरची. येरळेकाठच्या काळ्या, भारी जमिनीत पाणी तुंबते; द्राक्षाच्या मुळांना ते सोसत नाही. निचऱ्याची मुरमाड माळराने मात्र मानवली. बेसाल्ट कुजताना प्लॅजिओक्लेजमधले कॅल्शियम सुटते. भरपूर पावसाच्या प्रदेशात ते वाहून जाते. तासगाव पर्जन्यछायेत असल्याने ते मातीतच चुनखडी होऊन बसते. अशा जमिनीत लोह असूनही वेलीला ते उचलता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. पाणी कमी आणि क्षार जास्त, हे दुखणे तर बहुतेक बागांचे. म्हणून आता बागाईतदार आधी डॉगरिजचा जंगली खुंट लावतात, तो जमिनीत रुजू देतात आणि मग त्यावर थॉमसन किंवा सोनाका जातीचे डोळे भरतात.