हरित अर्थव्यवस्था आणि सातबारा नसलेला माणूस

निसर्गाची हानी न करता ऊर्जा, अन्न आणि रोजगार निर्माण करणारी व्यवस्था म्हणजे हरित अर्थव्यवस्था. वाशीमसारख्या कोरडवाहू जिल्ह्याला तिची नितांत गरज आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. सोयाबीन आणि तूर ही येथली मुख्य पिके बहुतांशी पावसाच्या भरवशावर आहेत. पावसाने ओढ दिली की शेतकऱ्याचे पीक जाते आणि मजुराची मजुरी जाते.

शासनाने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. 2018 पासून हवामान बदलाला तोंड देण्यासाठी राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशीमचा समावेश होता. 2019 मध्ये केंद्राची ‘कुसुम’ योजना आली. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला केवळ 5 टक्के वाटा भरावा लागतो. कागदावर ही सवलत मोठी आहे. मग अडते कुठे?

अडते ते सातबाऱ्यापाशी. सौरपंपासाठी आधी स्वतःच्या नावे शेत हवे आणि त्या शेतात पाण्याचा स्रोत हवा. विहीर नसेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून नवी विहीर मिळू शकते. पण त्यासाठी किमान 0.40 हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर जमीन लागते. जमीनच नसेल तर 2004 पासूनची कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. तिच्यात दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद असून 2018 पासून तिचा संपूर्ण खर्च अनुदानातून होतो. परंतु ती जमीन शासनाला विकत घ्यावी लागते. खरेदीला किमतीची मर्यादा आहे आणि बाजारात त्याहून अधिक भाव मिळत असेल तर मालक ती शासनाला कशाला विकेल? अशा रीतीने जमिनीवाचून विहीर नाही, विहिरीवाचून पंप नाही, आणि तीन योजना असूनही माणूस तिन्हींच्या बाहेर राहतो.

दुसरा अडथळा गायरानाचा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 नुसार वीज उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारले जातात. त्यातून शेतीला दिवसा वीज मिळते, हे स्वागतार्हच आहे. खासगी जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक किमान 1,25,000 रुपये मिळतात. शासकीय जमिनीही या कामी घेतल्या जातात आणि त्यांत गायरानेही येतात. 14 एप्रिल 1990 पूर्वीची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरील शेती नियमित करण्याचा निर्णय राज्याने 1991 मध्ये घेतला. त्यानंतर कसू लागलेल्यांना मात्र त्याचा आधार नाही. उद्या त्या जागी सौरपट्ट्या उभ्या राहिल्या तर जमीनमालकाला भाडे, शेतकऱ्याला वीज आणि कसणाऱ्याला नोटीस, अशी वाटणी होईल.

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. बाबासाहेबांनी 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात पाणी आणि वीज धोरणाचा पाया घातला. त्याच बाबासाहेबांनी 1947 मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती गावकऱ्यांना जातिभेद न करता सामूहिक शेतीसाठी द्यावी, असे मांडले. पाणी, वीज आणि जमीन हे तिन्ही प्रश्न त्यांनी हाताळले होते. पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये सत्याग्रह झाले, त्यांमागेही हाच विचार होता.

म्हणून आमची मागणी मर्यादित पण स्पष्ट आहे. गायरानावर सौर प्रकल्प उभारताना तेथे कसणाऱ्या भूमिहीनांच्या सहकारी संस्थेला भाड्यात हक्काचा वाटा मिळावा. बटाईने शेती करणाऱ्यांना आणि सामूहिक गटांना पंप व विहिरीच्या योजना खुल्या व्हाव्यात. सबलीकरण योजनेतील किंमतमर्यादा बाजारभावाशी जोडली जावी.

शासनाकडे मागत असताना आपल्या हातचेही काही आहे. कित्येक घरांत आजोबांच्या नावावरची जमीन वारसनोंदीअभावी तशीच पडून आहे. ती नोंद करून घेणे हे पहिले काम. ग्रामसभेत गायरानाचा ठराव येईल त्या दिवशी हजर राहणे हे दुसरे. या शाळेतून बाहेर पडलेले जे महसूल, कृषी वा वीज खात्यात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस आपल्या गावी बसून लोकांचे अर्ज भरून द्यावेत, हे तिसरे. वसतिगृहातल्या ज्या मुलांच्या घरी सातबारा नाही, त्यांनाही या नव्या अर्थव्यवस्थेत जागा मिळाली, तरच तिला हरित म्हणण्यात अर्थ आहे.