ए-२ दूध : प्रथिने, पचन आणि दाव्यांमागील तथ्य

बाजारात ‘ए-२’ नावाने विकले जाणारे दूध नेहमीच्या दुधापेक्षा महाग असते. हा दर मिळावा म्हणून काही पशुपालक गोठ्यातील जनावरे बदलण्याचा विचार करतात. असा खर्च करण्यापूर्वी आणि ग्राहकाला आरोग्याची हमी देण्यापूर्वी ए-१ व ए-२ मधील फरक समजून घ्यावा.

दुधातील प्रथिने

गाईच्या दुधात साधारण ३.२ ते ३.५ टक्के प्रथिने असतात. त्यापैकी सुमारे ८० टक्के केसिन, तर २० टक्के व्हे प्रथिने असतात. लिंबू पिळल्यावर दूध फाटते, तसेच जठरातील आम्लामुळे केसिनच्या गुठळ्या होतात आणि त्या सावकाश पचतात. व्हे प्रथिने विरघळलेली राहतात व लवकर पचतात.

ए-१ आणि ए-२ म्हणजे काय?

बीटा केसिन हा केसिनचा एक प्रकार आहे. ती २०९ अमिनो आम्लांची साखळी असते. साखळीत ६७ व्या जागी प्रोलिन असेल तर ए-२ आणि हिस्टिडिन असेल तर ए-१. ए-१ पचताना या जागी साखळी तुटून बीसीएम-७ हा सात अमिनो आम्लांचा तुकडा सुटू शकतो. ए-२ मध्ये प्रोलिनमुळे साखळी येथे सहज तुटत नाही.

बीसीएम-७ मुळे मधुमेह, हृदयविकार होतात असे दावे केले जातात. मात्र युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा असा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. काही छोट्या चाचण्यांत ए-२ दुधाने काही व्यक्तींना पोटाचा त्रास कमी जाणवला. एवढ्यावरून ते औषध ठरत नाही.

दूध न पचण्याची कारणे वेगळी

- लॅक्टोज न पचणे : लॅक्टोज ही दुधातील साखर आहे, प्रथिन नव्हे. ती पचवणारे विकर (लॅक्टेज) कमी असल्यास गॅस, पोटफुगी, जुलाब होतात. ए-२ दुधातही लॅक्टोज तेवढेच असते. अशा व्यक्तींना दही, ताक अनेकदा मानवते. कारण विरजणातील जिवाणू काही लॅक्टोज वापरतात.
- प्रथिनांची अॅलर्जी : ही बहुधा लहान मुलांत दिसते. अंगावर पित्त उठणे, सूज, उलटी, धाप लागणे ही लक्षणे आहेत. येथे ए-२ दूध सुरक्षित नसते; म्हशीच्या व शेळीच्या दुधानेही त्रास होऊ शकतो. धाप लागल्यास किंवा चेहऱ्यावर सूज आल्यास तातडीने दवाखान्यात न्यावे.

पशुपालकांसाठी महत्त्वाचे

- गीर, साहिवाल, खिल्लार, देवणी, लाल कंधारी अशा देशी गाईंमध्ये ए-२ जनुकाचे प्रमाण खूप जास्त आहे. म्हशीचे दूधही ए-२ प्रकारचेच असते.
- होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी व संकरित गाईंमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. त्यामुळे संकरित गाय म्हणजे ए-१ असे गृहीत धरू नये. केस किंवा रक्ताच्या नमुन्यावरील जनुकीय चाचणीने प्रकार समजतो.
- ए-२ए-२ गाईला ए-२ए-२ वळूची रेतमात्रा वापरल्यास वासरू ए-२ए-२ होते. गाय ए-१ए-२ असल्यास ही शक्यता निम्मी असते. सध्याचा गोठा न विकताही असा बदल पिढीगणिक करता येतो.
- तुपात प्रथिने जवळपास नसतातच. त्यामुळे ‘ए-२ तूप’ या नावाला प्रथिनांच्या दृष्टीने अर्थ उरत नाही.
- भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २१ ऑगस्ट २०२४ रोजी वेष्टनावरील ए-१, ए-२ दावे काढण्याची सूचना दिली होती. ती २६ ऑगस्टला मागे घेतली. विक्रीपूर्वी सध्याचा नियम तपासावा.

ग्राहकाला काय सांगावे?

गाईची जात, चाचणीचा निकाल, फॅट, एसएनएफ आणि स्वच्छ दूध काढण्याची पद्धत ही माहिती द्यावी. ‘मधुमेह बरा होतो’, ‘अॅलर्जी होत नाही’ असे सांगू नये. अॅलर्जी असलेल्या मुलाच्या पालकांनी त्यावर विश्वास ठेवल्यास मुलाच्या जिवावर बेतू शकते. गाय निवडताना केवळ ए-२ चा दर न पाहता दूध उत्पादन, चारा-खाद्याचा खर्च, रोगप्रतिकारक्षमता आणि खात्रीचे ग्राहक यांचा एकत्रित हिशेब करावा.