पेढीवरील संगणक आणि मुक्त कार्यप्रणाली

प्रस्तुत लेखक हा धान्याचा घाऊक व्यापारी. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. गहू, हरभरा, तूर यांची पारख मुठीत दाणा घेऊन सांगता येते. परंतु संगणकासारख्या विषयावर स्मरणिकेत चार पाने लिहावयाची आज्ञा झाली तेव्हा प्रथम संकोच वाटला. तथापि आमच्या शनवाऱ्यातील पेढीवर आलेला एक प्रसंग पुष्कळ सभासद बंधूंच्या पेढीवरही आला असणार किंवा लवकरच येणार, हे ध्यानी घेऊन हे धाडस करीत आहे.

प्रसंग असा. पेढीवर तीन संगणक आहेत. त्यांवर चालणाऱ्या विंडोज १० या कार्यप्रणालीस तिच्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारण संरक्षण देणे बंद केले. पुढील विंडोज ११ या प्रणालीस टी. पी. एम. २.० नावाची सुरक्षेची सोय असलेले यंत्र लागते. आमच्या यंत्रांत ती नाही. विक्रेत्याने सरळ सांगितले, "शेठजी, तिन्ही यंत्रे भंगारात घाला व नवी घ्या." यंत्रे तर सुरळीत चालत होती. काटा उत्तम असताना केवळ वजने दुसऱ्याच्या मालकीची म्हणून काटा फेकून द्यावा, तसाच हा प्रकार. येथून माझा शोध सुरू झाला.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय ते पाहू. संगणकाचे यंत्र ही नुसती वखार होय. कोणता माल कोठे ठेवावयाचा, कोणत्या हमालास कोणते काम द्यावयाचे, कोणास आत येऊ द्यावयाचे, ही व्यवस्था पाहणारा मुनीम लागतो. हा मुनीम म्हणजेच कार्यप्रणाली. पत्रे लिहिणे, हिशेब करणे, छपाई करणे ही सर्व कामे तिच्या अनुज्ञेने चालतात. हा मुनीम कंपनीचा असेल तर त्याच्या वहीत काय लिहिले आहे ते आपणास पाहता येत नाही, आणि तो केव्हा काम सोडणार हेही तीच कंपनी ठरविते. मुक्त कार्यप्रणालीचा मूळ आराखडा मात्र सर्वांस खुला असतो.

या चळवळीचा इतिहास थोडक्यात असा. १९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या नावाने एक मोकळी प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्व्हाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा रचून जगापुढे ठेवला व पुढील वर्षी तो मुक्त परवान्याखाली आणला. या परवान्याने चार अधिकार मिळतात: प्रणाली हव्या त्या कामास वापरावी, तिची रचना अभ्यासावी, तिच्या प्रती वाटाव्यात आणि तीत बदल करून तेही वाटावेत. अट एवढीच की, पुढे देताना घेणाऱ्यासही हेच अधिकार द्यावयाचे. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या पोटी हाच लिनक्सचा गाभा आहे. जगातील अतिवेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व यंत्रे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालत आली आहेत. म्हणजे ही हौशी पोरांची करामत होय असा समज कोणी करून घेऊ नये.

आपल्या देशातही या दिशेने काम झाले आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली प्रसिद्ध केली. २०१५ साली केंद्र शासनाने मुक्त प्रणालींचा अंगीकार करण्याचे धोरण जाहीर केले. केरळातील शासकीय शाळांतील मुले तर लिनक्सवरच संगणक शिकतात.

बऱ्हाणपूरकरांस 'मुक्त' या शब्दाचा अर्थ समजावयास दूर जाण्याचे कारण नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, आपल्या शहरासाठी कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे येते, आणि त्या वाटेवर ठायी ठायी कुंड्या ठेवलेल्या आहेत. कुंडीतून माणूस खाली उतरू शकतो, पाणी पाहू शकतो, गाळ काढू शकतो. कुंड्या नसत्या तर एका जागी गाळ साचताच सारी योजना निरुपयोगी झाली असती. मुक्त प्रणालीस अशा कुंड्या ठेवलेल्या आहेत. त्यांत आपण स्वतः उतरू न उतरू, उतरणारा कोणी जाणता माणूस गावात निघतो, हे महत्त्वाचे.

लिनक्सच्या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळे संच बांधले आहेत. एकाच हरभऱ्यापासून डाळ, डाळे व बेसन होते, तसेच हे. १९९३ सालचा डेबियन हा जुना व भरवशाचा संच. त्याच्या आधारे २००४ साली उबंटू निघाला व उबंटूच्या आधारे २००६ साली लिनक्स मिंट. आमच्या पेढीवर आम्ही मिंट घेतला, कारण त्याची मांडणी जुन्या सवयीस जवळची आहे. त्यास दोन जी. बी. स्मृती पुरते, चार असल्यास बरे. त्याची २०२४ सालची बाविसावी आवृत्ती २०२९ पर्यंत संरक्षित राहणार आहे. जुन्या यंत्रांस एक्सएफसीई नावाची हलकी बैठक सोसते. नव्यांस सिनॅमन ही अधिक सजलेली बैठक घ्यावी.

नवख्याने काय करावे? वीस-पंचवीस पोती माल घेण्यापूर्वी आपण नमुना मागवितो. येथेही नमुना मिळतो. मिंटचा संच पेनड्राइव्हवर चढवून त्यावरूनच संगणक सुरू करावा. आतील जुनी प्रणाली जशीच्या तशी राहते. छपाईयंत्र चालते काय, इंटरनेट लागते काय, आवाज येतो काय, हे आठ दिवस पाहावे आणि मगच आत बसवावा. बसविण्यापूर्वी सर्व कागदपत्रांची प्रत निराळ्या डिस्कवर काढून ठेवावी, हे मी आग्रहाने सांगतो.

आता मांडणीकडे येऊ. प्रणाली बसली म्हणजे काम झाले असे नव्हे. नवी जागा घेतल्यावर गादी कोठे, तिजोरी कोठे हे आपणच ठरवितो, तसे येथे ठरवावे लागते. भाषेच्या विभागात भाषा व प्रदेश या दोन गोष्टी वेगळ्या निवडता येतात. भाषा मराठी ठेविली की पडद्यावरील बरीचशी नावे मराठीत येतात. हे भाषांतर अनेकांनी वर्षानुवर्षे केलेल्या श्रमाचे फळ आहे, आणि त्यात रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील मंडळींचा मोठा वाटा आहे. त्याच कंपनीने काढलेले 'लोहित' नावाचे टंक देवनागरीसाठी मुक्तपणे मिळतात. मराठी वळणाचे ल व श आणि हिंदी वळणाचे ल व श यांत भेद आहे. काही टंकांत मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविली म्हणजे ही अक्षरे आपोआप मराठी वळण घेतात. दोन भाषांच्या सीमेवर नांदणाऱ्या आपल्या गावास या बारकाव्याचे मोल निराळे सांगावयास नको.

कळफलकाच्या विभागात मराठी इनस्क्रिप्ट हा फलक जोडावा. यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असतात. क च्या कळीवर शिफ्ट दाबली की ख येतो, ग च्या कळीवर घ. ल च्या कळीवर शिफ्ट दाबली की ळ. हा ळ नसेल तर आपली डाळ, गूळ, तांदूळ व केळी सारी अडली म्हणावयाची. र वर शिफ्ट दाबून येणाऱ्या अक्षरास हलंत व य जोडले म्हणजे 'व्यापाऱ्यांना' हा शब्द शुद्ध उमटतो. इंग्रजीतून मराठीत जाण्यासाठी कोणत्या कळा दाबावयाच्या हेही आपणच ठरवावे. हिशेबाच्या तक्त्यासाठी लिब्रे ऑफिस हा संच येतोच. त्यात आकड्यांचे स्वरूप एकदा ठरवून दिले की स्वल्पविराम लाख-कोटींच्या आपल्या रीतीने पडतात.

येथे आमच्या मुनीमजींची हकीकत सांगणे अवश्य आहे. वय सत्तरीच्या पुढे. चाळीस वर्षे त्यांनी रोजमेळ व खतावणी मराठीत लिहिली. पेढीवर संगणक आला आणि पडदा इंग्रजी असल्यामुळे ते एका बाजूस बसू लागले. आकडे सांगावयाचे व पोराने ते भरावयाचे. त्यांनी तक्रार कधी केली नाही, पण बोरू मात्र खाली ठेवला. पडदा व कळफलक मराठी झाल्यावर मी त्यांस खुर्चीवर बसविले. पहिल्या दिवशी एका तासात चार ओळी झाल्या. दोन महिन्यांत त्यांनी उधारीच्या प्रत्येक खात्यापुढे माहिती लिहावयास आरंभ केला: हा शेतकरी कोणत्या गावचा, याचे वडील कसे वागले, कोणत्या हंगामात पैसे येतात, कोणास तगादा करू नये. ही माहिती कोणत्याही वहीत नव्हती. ती केवळ त्यांच्या डोक्यात होती आणि त्यांच्याबरोबरच गेली असती. यंत्रांचे पैसे वाचले हा लाभ लहान. हा लाभ मोठा.

आता माझी चूकही सांगतो. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे. ती प्रणालीची स्थिती ठरल्या दिवशी नोंदवून ठेविते. मांडणीत काही बिघाड केला तर मागील स्थितीवर जाता येते. तिच्या भरवशावर मी निश्चिंत झालो. एके दिवशी माझ्याच हातून रोजमेळाची फाईल पुसली गेली. मी ऐटीत टाइमशिफ्टने मागे गेलो. प्रणाली मागे गेली, फाईल काही आली नाही! ही सोय मुळात प्रणालीसाठी असून आपली कागदपत्रे ती सहसा जपत नाही, हे मी वाचलेच नव्हते. अकरा दिवसांच्या नोंदी काटापावत्या व कच्च्या चिठ्ठ्यांवरून मुनीमजींनी पुन्हा उभ्या केल्या. तेव्हापासून रोज दुकान वाढविताना कागदपत्रांची प्रत निराळ्या डिस्कवर घेतली जाते व ती डिस्क पेढीवर न राहता घरी जाते.

आणखी दोन सूचना. प्रत्येक माणसाचे खाते स्वतंत्र ठेवावे व प्रणाली बदलण्याचा परवलीचा शब्द मालकाने आपल्यापाशी ठेवावा. तिजोरीची किल्ली सर्वांच्या कमरेला नसते. दुसरे, आपण केलेली बहुतेक मांडणी आपल्याच घरफोल्डरात, टिंबाने आरंभ होणाऱ्या नावांच्या लपलेल्या फायलींत राहते. त्यांतील पुष्कळ साध्या अक्षरांत लिहिलेल्या असून वाचता येतात. नवे यंत्र घेतल्यास हे फोल्डर तिकडे नेले की बरीचशी जुनी बैठक तेथे मांडून मिळते.

मुक्त प्रणालीचे गुण गाताना तिच्या उणिवा झाकणे हे मालाच्या वरच्या थरात चांगला दाणा भरण्यासारखे होईल. आपल्यातील अनेकांची हिशेबाची प्रणाली विंडोजसाठीच बनलेली आहे व ती येथे सरळ चालत नाही. यासाठी आम्ही एक नवे यंत्र विंडोज ११ सह घेतले व कराचे काम त्यावर ठेविले. उरलेली तीन जुनी यंत्रे लिनक्सवर आहेत. डिजिटल सहीची किल्ली व काट्याला जोडलेली यंत्रणा चालते की नाही, हे पेनड्राइव्हच्या नमुन्यावर आधीच तपासावे. कृतीदेवासारख्या जुन्या टंकांत लिहिलेली पत्रे तो टंक नसेल तेथे निरर्थक अक्षरांत दिसतात. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. आणि प्रणालीस पैसे पडत नसले तरी शिकण्यास वेळ पडतो, तो जमाखर्चात धरावा.

तात्पर्य, सर्व पेढ्यांनी एका दिवसात बदल करावा असे माझे म्हणणे नाही. मात्र भंगारात निघालेले एखादे यंत्र विकण्यापूर्वी त्यावर हा प्रयोग करून पाहावा, घरातील मुलाबाळांस व विशेषतः आपल्या जुन्या मुनिमास त्यासमोर बसवावे. ज्या कोणा सभासदास नमुन्याचा पेनड्राइव्ह हवा असेल त्याने दुपारी तीननंतर, बाजार उतरल्यावर, आमच्या पेढीवर यावे. मुनीमजी स्वतः दाखवितील.