‘ओ’सुद्धा चालत नाही तेव्हा

श्रीरामपुरातलं रक्तदान शिबिर असो की मुंबईतलं, चहा-बिस्किटाबरोबर एक वाक्य ठरलेलं: ‘ओ’ सगळ्यांना चालतं! पण १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असा गट नोंदवला, ज्याला ‘ओ’ही चालेना. तोच बॉम्बे रक्तगट.

‘ओ’च्या तांबड्या पेशींवर ‘एच’ ही खूण असते. या मंडळींत ती नसतेच. म्हणून ‘ओ’ रक्त चढवलं, की त्यांची अँटिबॉडी या खुणेला चिकटून बोट दाखवते: परका! मग कॉम्प्लिमेंट प्रथिनं एकेक करून जागी होतात. त्यातली शेवटची प्रथिनं पेशीला चक्क भोक पाडतात. पाणी आत घुसतं, पेशी भिजल्या मनुक्यासारखी टम्म फुगते आणि फुटते.

आपल्या स्वतःच्या पेशींना कॉम्प्लिमेंटच्या या माऱ्यापासून ढाल-प्रथिनं वाचवतात. पीएनएच या आजारात तीच गायब. मग आपल्याच तांबड्या पेशी फुटतात आणि काहींची सकाळची लघवी कोऱ्या चहासारखी दिसते.