न्यू जर्सीच्या छपरांवरची दोन शहरे

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांच्यामध्ये अमेरिकेतले न्यू जर्सी राज्य आहे. मराठी कुटुंबांच्या परिचयाचे एडिसन याच पट्ट्यातले. केबल येण्याआधी इथल्या अनेक छपरांवरचे अँटेना दोन्ही शहरांची केंद्रे पकडत. टीव्ही केंद्रांविषयीचे, विशेषतः त्यांच्या मालकीविषयीचे, गैरसमज इथेच नीट उलगडतात.

गैरसमज: दोन केंद्रांची प्रक्षेपणे एकाच भागात पोचली की चित्र बिघडते.

चित्र बिघडते ते दोन्ही केंद्रे एकाच चॅनेलवर, किंवा एकाच शहरात लगतच्या चॅनेलवर, असली तर. अ‍ॅनालॉगच्या काळात न्यूयॉर्कच्या वाट्याला २, ४, ५, ७, ९, ११, १३ हे नंबर होते. फिलाडेल्फियाच्या बाजूला ३, ६, १०, १२. एकाने सोडलेले दुसऱ्याने घेतलेले! ४ आणि ५ शेजारी दिसतात, पण त्यांच्या वारंवारतांमध्ये मोकळी जागा आहे, म्हणून दोन्ही एकाच शहरात चालले.

गैरसमज: एबीसी या टीव्ही नेटवर्कचे कार्यक्रम दाखवणारे प्रत्येक केंद्र एबीसीच्या मालकीचे असते.

बहुतेक केंद्रे वेगळ्या कंपन्यांची आहेत. ती करार करून कार्यक्रम घेतात.

गैरसमज: जवळची दोन केंद्रे एकाच मालकाला घेऊ न देणारे बंधन तांत्रिक कारणासाठी होते.

मुळीच नाही. ज्या दोन केंद्रांची ‘ग्रेड बी’ प्रक्षेपणक्षेत्रे (छपरावरच्या अँटेनावर पाहण्याजोगे चित्र मिळते तेवढा भाग) एकमेकांवर येतात, ती एकाच मालकाकडे नसावीत, असा नियम एफसीसी या सरकारी आयोगाने १९६४ मध्ये केला. एकाच घरात पोचणाऱ्या बातम्यांवर एकाच मालकाचा ताबा नको, ही त्यामागची काळजी होती. १९८५ मध्ये कॅपिटल सिटीज कंपनीने एबीसी विकत घेण्याचे ठरवले, तेव्हा हा नियम आडवा आला. तिच्याकडे फिलाडेल्फियाचे डब्ल्यूपीव्हीआय होते आणि एबीसीकडे न्यूयॉर्कचे डब्ल्यूएबीसी. या जोडीला सूट मिळाली. कॅपिटल सिटीजचेच न्यू हेवन शहरातले डब्ल्यूटीएनएच मात्र विकावे लागले, कारण ते डब्ल्यूएबीसीच्या क्षेत्रात फारच आत येत होते.

१९९९ मध्ये मोजपट्टीच बदलली. प्रक्षेपणाच्या जागी नील्सन कंपनीने आखलेल्या बाजारपेठा आल्या. लोक कुठली केंद्रे जास्त पाहतात ते बघून नील्सन काउंट्या (जिल्हे) बाजारपेठांना जोडते. बाजारपेठा वेगळ्या असल्या, तर प्रक्षेपणे कितीही एकमेकांवर येवोत, या नियमाची आडकाठी उरली नाही. माझ्या मते यात दोन बाजारपेठांच्या सीमेवरचे घर विसरले गेले. जुना नियम ढोबळ होता, पण त्या घरात काय पोचते हे तो विचारत होता.

गैरसमज: भरपूर केंद्रे दिसतात, म्हणजे स्थानिक बातम्या भरपूर.

केंद्रे भरपूर, पण ती बाहेरच्या शहरांची: न्यू जर्सीचा उत्तर भाग न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत, दक्षिण भाग फिलाडेल्फियाच्या. राजधानी ट्रेंटनसुद्धा फिलाडेल्फियाकडे! साठच्या दशकाच्या सुरुवातीला नेवार्कचे १३ नंबरचे केंद्र शैक्षणिक झाल्यावर राज्यात व्यावसायिक व्हीएचएफ (२ ते १३ नंबरचे) केंद्र उरले नाही. असे केंद्र राज्याला मिळावे म्हणून अमेरिकी काँग्रेसला १९८२ मध्ये कायदा करावा लागला, आणि १९८३ मध्ये ९ नंबरच्या केंद्राचा परवाना न्यूयॉर्कहून न्यू जर्सीतल्या सिकॉकसला गेला.