बांधल्या हातांनी प्रोग्रामिंग, भाग ७ : सेमिकोलनचा उपास

आकडे न लिहिता आकडे कसे मिळवायचे, ते आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यात. कारण इथल्या मेडशीच्याच, अकोल्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका वाचकाने असा प्रश्न धाडलाय की तो बाजूला ठेववत नाही. त्याला तोंडी परीक्षेत विचारलं : सी भाषेत एकही सेमिकोलन न वापरता १ ते १०० छापून दाखव. नुसतं 'नमस्कार' छापणं त्याला जमतं. मोजणीपाशी गाडं अडलं.

नमस्काराची युक्ती जुनी आहे. प्रिंटएफ छापतं, शिवाय किती बाइट छापले तो आकडाही परत देतं. आपण तो रोज वाया घालवतो. प्रिंटएफ इफच्या कंसात घाला : अट तपासण्यासाठी सीला आधी छापावंच लागतं. पुढे रिकामे {} दिले की विधान पुरं झालं.

मोजायला मात्र व्हेरिएबल हवं, आणि ते जाहीर केलं की सेमिकोलन आलाच. फॉर लूपही बाद, त्याच्या कंसातच दोन सेमिकोलन. मग व्हेरिएबल मेनच्या पॅरामीटरमध्येच जाहीर करायचं, तिथे स्वल्पविरामावर भागतं : इंट मेन(इंट आय, चार **ए). आता खरी गंमत. हा पहिला पॅरामीटर म्हणजे कमांड लाइनवरच्या शब्दांची संख्या, आणि त्यात प्रोग्रामचं स्वतःचं नावही धरतात. नुसतं नाव टाइप करून प्रोग्राम चालवला की आयमध्ये आयता १ बसलेला असतो! राहिली एकच ओळ :

व्हाइल (आय <= १०० && प्रिंटएफ("%डी ", आय++)) {}

&& आधी डावी बाजू पाहतं. आय १०१ झाला की डावीकडेच खोटं ठरतं, उजवीकडचं प्रिंटएफ चालतच नाही. सी९९ पासून मेनच्या शेवटी रिटर्न लिहिण्याची सक्ती नाही, म्हणून तोही सेमिकोलन वाचला.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर विदर्भातली कितीतरी पोरं सी शिकली. अशी कोडी तेव्हापासून तोंडी परीक्षांत फिरताहेत, पण बहुतेक जण उत्तर पाठ करतात. मला वाटतं, परीक्षकाने पुढचा प्रश्न विचारावा : नावापुढे आणखी एक शब्द टाइप केला तर मोजणी कुठून सुरू होईल? ज्याला '२ पासून' सुचलं, त्याला मेन कळलं.

अशी बंधनं एके काळी खरीखुरी होती, हेही सांगायलाच हवं. डेन्मार्कच्या सात-बिटी अक्षरसंचात महिरपी कंसांच्या जागी त्यांच्या भाषेतली अक्षरं होती. त्यांची अडचण ओळखून १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकाने { साठी ??< चालवून घेतलं. १९९५ च्या दुरुस्तीत त्यासाठी सुटसुटीत <% आलं, } साठी %>. ही दुसरी जोडी आजही चालते. म्हणजे वरच्या प्रोग्राममधून सेमिकोलनबरोबर महिरपी कंसही हद्दपार करता येतात. करून बघा.

आणि एक गृहपाठ : तोच प्रोग्राम, सेमिकोलन नाहीच, पण १०० ते १ उलटं छापायचं. बदल एकाच जागी करायचा. उत्तर पुढच्या आठवड्यात, राहिलेल्या आकड्यांसोबत.