बायपास ते कॅज्युअल्टी

पुणे-बंगळूर महामार्गावर धारवाडजवळच्या नरेंद्र क्रॉसपासून हुबळीच्या गब्बूरपर्यंत सुमारे ३० किलोमीटरचा बायपास आहे. मागचापुढचा रस्ता चौपदरी झाला, तरी हा तुकडा वर्षानुवर्षे दुपदरीच राहिला. त्यामुळे कोल्हापूर-बेळगावकडून भरधाव आलेली वाहने इथे एकदम समोरच्या वाहतुकीच्या तोंडावर येत. १५ जानेवारी २०२१ रोजी इटिगट्टीजवळ टेम्पो ट्रॅव्हलर आणि टिप्पर यांची धडक झाली. दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींचा तो प्रवास होता. त्या अपघाताने किमान ११ जीव घेतले. पुढे रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले. पण रस्ता कितीही रुंद झाला, तरी जखमी माणूस रस्त्यावर पडल्यापासून शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचेपर्यंत त्याच्यासाठी नेमके काय करावे, हा प्रश्न उरतोच. रुग्णालयपूर्व उपचारांचे संशोधन त्या मधल्या वेळाचा विचार करते.

अंतराच्या दृष्टीने हुबळी-धारवाड ही जुळी शहरे सुदैवी आहेत. हुबळीत १९५७ साली कर्नाटक मेडिकल कॉलेज म्हणून सुरू झालेले आणि पुढे ‘किम्स’ या नावाने ओळखले गेलेले रुग्णालय आहे, दोन शहरांच्या मधोमध सत्तूरला एसडीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ‘आरोग्य कवच’ या नावाने १ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झाली. गाडीत एक चालक (त्याला सेवेत ‘पायलट’ म्हणतात) आणि एक तंत्रज्ञ असतो. या दोघांनी जागेवर थांबून उपचार करावेत, की जखमीला उचलून तडक निघावे, यावर जगभर अनेक वर्षे वाद झाला आहे.

वादाच्या मुळाशी रक्तस्राव आहे. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले, तर त्यातले एक-दीड लिटर मांडीतच साचू शकते. ओटीपोटाचे हाड मोडले तर त्याहूनही जास्त, आणि बाहेर थेंबही दिसत नाही. रक्त कमी होत गेले की शरीर गार पडते, रक्तातले आम्ल वाढते आणि गोठण्याची क्रिया बिघडते. त्यामुळे रक्त आणखी वाहते. हे चक्र बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच थांबते. बाल्टिमोरचे शल्यविशारद आर. ॲडम्स काउली यांनी ‘गोल्डन अवर’ ही कल्पना रुजवली. नेमक्या ६० मिनिटांच्या मर्यादेला भक्कम पुरावा मिळालेला नाही, पण अंगात रक्तस्राव चालू असताना उशीर महागात पडतो, हे खरेच आहे.

पूर्वी अशा रुग्णाला वाटेतच भरपूर सलाईन देत. १९९४ साली ह्यूस्टनमधल्या ५९८ रुग्णांच्या अभ्यासाने या सवयीला धक्का दिला. लगेच सलाईन दिलेल्यांपैकी ६२ टक्के वाचले. शस्त्रक्रियेपर्यंत ते राखून ठेवलेल्यांपैकी ७० टक्के वाचले. सलाईनमुळे रक्तदाब चढतो, नुकती धरलेली गुठळी सुटू शकते, उरलेले रक्तही पातळ होते. अर्थात ते रुग्ण गोळी किंवा सुऱ्याने धडाला जखम झालेले होते, म्हणून वाहनाच्या धडकेतल्या मुक्या माराला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात प्रगत उपचार देणारी पथके रस्त्यावर उतरवूनही गंभीर जखमींच्या एकूण जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, असे २००८ साली दिसले. शुद्ध हरपलेल्यांमध्ये तर ते प्रमाण घटले. महागड्या यंत्रांनी भरलेली गाडी म्हणजे चांगली सेवा, या समजुतीला हा मोठाच इशारा होता.

स्वस्त औषधाने मात्र बाजी मारली. ट्रॅनेक्झामिक ॲसिड तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही. ‘क्रॅश-२’ या चाचणीत भारतासह ४० देशांतले २०,२११ रुग्ण होते. २०१० साली तिचे निष्कर्ष आले: मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. दिसायला फरक लहान आहे, पण दर ६७ जखमींमागे एक जीव, असा त्याचा हिशेब होतो. पुढच्या विश्लेषणात आणखी महत्त्वाचे कळले. पहिल्या तीन तासांत दिलेले औषध उपयोगी पडते, जितके लवकर तितके चांगले. तीन तासांनंतर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढलेले दिसले.

अशा चाचण्यांत संमतीचा पेच मोठा असतो. बेशुद्ध माणूस सही करू शकत नाही, नातेवाईक जवळ नसतात, आणि थांबायला वेळ नसतो. म्हणून नैतिकता समितीची परवानगी आधी घेतात, आणि नातेवाईक आल्यावर किंवा रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्यांना सगळे सांगून पुढची संमती घेतात.

गाडी येण्याआधीची मिनिटे वाटसरूंच्या हाती असतात. पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने लोक थांबत नसत. कर्नाटकाने मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. अशा माणसाने १०८ ला फोन करावा, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, मान हलू देऊ नये, पाणी पाजू नये. आणि अपघात किती वाजता झाला ते तंत्रज्ञाला सांगावे. तीन तासांची मोजणी तिथूनच सुरू होते.